यल्लव्वाचा साक्षीदार

त्या दिवशी पूरग्रस्तांचे अर्ज घ्यायची शेवटची तारीख होती. तालुक्याच्या कचेरीतला कारकून विजयसिंह सकाळपासून खिडकीवरून हलला नव्हता. सहाला मुदत संपायची. पावणेसहाला रांग सरली, शिपाई कृष्णात चहा आणायला गेला. आभाळ एवढं भरून आलं होतं की दिवे लावावे लागले. आणि ते लगेच गेले.

विजयसिंहनं सवयीनं खिडकीची फळी ओढली. मागच्या पुराच्या वेळीही त्यानं ती अशीच पाव तास आधी ओढली होती. तेव्हा बाहेर जयसिंगपूरकडची यल्लव्वा उभी होती. तिचा नवरा गुंडू गोठ्यातली म्हैस सोडवताना पुरात वाहून गेलेला, मढंही सापडलं नव्हतं. डोळ्यांनी बघितलेला साक्षीदार आण, म्हणून विजयसिंहनंच तिला तीनदा परत धाडलं होतं. चौथ्यांदा तिच्या तोंडावर फळी लावली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या अर्जावर 'मुदतबाह्य' असा शिक्का मारला. महिन्याभरात तिनं त्याच नदीत जीव दिला. विजयसिंहनं बातमी वाचली आणि पेपर घडी करून ठेवला.

आता फळीवर टकटक झाली.

"उद्या या," तो आतूनच ओरडला.

"उद्या मुदत न्हाय की, सायेब..."

आवाज बाईचा होता, पण घशात पाणी अडकल्यासारखा. फटीतून कुजक्या गाळाचा वास आत आला. मागोमाग एक ओला कागद सरकत टेबलावर आला. त्यानं मोबाईलचा उजेड पाडला. मयताचं नाव गुंडू. खाली विजयसिंहनं स्वतः मारलेला 'मुदतबाह्य' शिक्का.

त्यानं घाईघाईनं पेन उचललं. "घेतो... घेतो मी अर्ज. आजची तारीख टाकतो. जा तू."

"तारीख ऱ्हाऊ दे. साक्षीदार घावला."

"क... कोण?"

"तुमी."

"मी कुठं बघितलंय बाई त्याला..."

"मग चला की. दावते."

फळीखालून आलेल्या गारठलेल्या हातानं त्याचं मनगट धरलं. पायाखालची फरशी गेली. नाकातोंडात पाणी शिरलं...

कृष्णात चहा घेऊन आला तेव्हा दिवे आले होते. फरशी कोरडी ठणठणीत. खुर्चीत विजयसिंह मात्र डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला, नखांत काळा गाळ. तो एकच सांगत होता, "बंधाऱ्याखाली... करंजाच्या मुळ्यांत अडकलाय तो... माझ्याकडं बघत हुता..."

पाणी ओसरल्यावर लोकांनी तिथं शोधलं. हाडं सापडली. विजयसिंहनं साक्ष लिहून दिली, फळी वेळेआधी ओढल्याचंही कबूल केलं. अर्ज मंजूर झाला. मंजुरीचा कागद घेऊन तो स्वतः गुंडूच्या आईकडं, अंबूबाईकडं गेला.

"आता तरी सोडंल का मला ती?" त्यानं हात जोडून विचारलं.

म्हातारीनं कागद घेतला, दार लोटता लोटता म्हणाली, "ते तिलाच इचारा."

गुंडूच्या हाडांना म्हशीचं दावं गुंडाळलेलं होतं. एवढ्या दिवसांत कुजून गेलेलं. फक्त एक टोक ताजं, नुकतंच कापल्यासारखं. आणि खिडकीवरच्या त्या संध्याकाळपासून विजयसिंहच्या घोट्याला दाव्याचा वळ आहे. डॉक्टरनं मलम दिलं, आयोडीन लावलं. काही उपयोग नाही. रोज पावणेसहाला तो वळ ओला होतो.

मागच्या आठवड्यात तो गुडघ्याच्या वर आला.