शाळा सोडण्याचे कारण

नलूच्या गळ्यात निळा टाय बांधताना शालूबाईची पाठ दाराकडे होती, आणि दारात कपबशी घेऊन उभी असलेली तिची नणंद गोपिका त्या टायकडे नुसती पाहत राहिली... चहावर साय धरली तरी तिला भान नव्हतं.

"हे काय व, शालू?"

"कान्व्हेंटचा ड्रेस हाय, ताई. यांनी सांगतलं नाई तुमाले?"

यांनी म्हणजे मनोहररावांनी, गोपिकेच्या पाठच्या भावाने. कालपर्यंत नलू आत्याचं बोट धरून आत्याच्याच शाळेत जात होती. सांगणार होता तरी कोणत्या तोंडाने? आई आनंदाबाई गेली तेव्हा मनोहर सहा वर्षांचा होता. सतरा वर्षांच्या गोपिकेने आलेलं स्थळ परत पाठवलं, नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण झाली आणि भावाला तिथल्याच तरटपट्टीवर बसवून बाराखडी गिरवून घेतली. त्याच अक्षरांच्या जिवावर तो आज बँकेत खुर्चीत बसत होता!

गोपिका आता त्या शाळेची मुख्याध्यापिका होती, आणि शाळा शेवटच्या घटका मोजत होती. गावातल्या कापडमिलची तिसरी पाळी बंद पडली, कामगारांची बिऱ्हाडं नागपूर-बल्लारपूरकडे उठली, वर्ग ओस पडले. सरकार शाळा मारतं असं म्हणणं सोपं आहे. पण शाळेला पहिली पाठ दाखवतात ते तिच्यातच शिकून पँट घालायला लागलेले, हे कोणी बोलत नाही. चाळिसाच्या खाली पट गेला तर शाळा बंद, असा कागद आला होता. पट चाळीस होता... नलू धरून. आणि तपासणी आजच दुपारी होती.

उभा जून गोपिका मिलच्या चाळीत दारोदार हिंडली होती. एका कामगाराच्या बायकोने, भागीरथाने, तिला उंबऱ्यावरच विचारलं होतं, "बाई, तुमची भाची कोठी शिकते?"

"माह्याच शाळेत."

एवढ्या एका शब्दावर भागीरथाने आपल्या दोन्ही पोरी पाठवल्या होत्या.

अकरा वाजता मनोहर शाळेत आला, खाली मान घालून. दाखला हवा होता. कान्व्हेंटात तो द्यायची आज शेवटची तारीख होती.

सहशिक्षक प्रेमदास गुरुजींनी गोपिकेला बाजूला नेलं. "बाई, उद्या द्या दाखला. आज पोरीले बोलावून वर्गात बसवा. साहेब गेला का सुटलो. समद्या शाळा हेच करून राह्यल्या."

"अन् तिची तिथली जागा गेली तं?"

"जाऊ द्या. तुमचीच भाची हाय, इथंच शिकन."

"शाळा माही हाय, गुरुजी. पोरगी तिच्या मायबापाची हाय."

टेबलाशी बसून तिने एकेक रकाना भरला. नाव, जन्मतारीख, वर्तणूक चांगली. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यापाशी हात अडला. तिने कागद भावापुढे सरकवला.

"हे तू लिही."

"पालकाची विनंती लिही ना, ताई. समदे तेच लिहितात."

"विनंती काऊन केली, तेच तं विचारलं हाय तिथं."

"तिले इंग्रजी आलं पायजे. जमाना कोठी चालला..."

"आलंच पायजे. मी नाई कुठं म्हणते? चहा पेता पेता सांगतलं असतं तं मीच तिले टाय बांधून देला असता. पण तुह्या पोरीचं नाव सांगून मी भागीरथाच्या पोरी आणल्या, मनोहर. आता तिच्या दारावरून कशी जाऊ?"

मनोहरने पेन उचललं. बँकेत दिवसभर सह्या ठोकणाऱ्या त्या हाताने त्याने लिहिलं, 'वडिलांना या शाळेची लाज वाटली.' आणि टेबलावर डोकं टेकून तो लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला.

गोपिकेने ते वाचलं. घडी करून पोलक्यात ठेवलं. दुसरा कोरा दाखला घेतला, सगळे रकाने पुन्हा भरले, आणि कारणापुढे आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'शाळा बंद.'

"शाळा तं चालू हाय, ताई!"

"एकोणचाळीस राह्यले आता. साहेब येतेच दुपारी." तिने शिक्का मारला. "उद्या बँकेत कोणी विचारलं, बहिणीच्या शाळेतून पोरगी काऊन काढली, तं हा कागद दाखवजो. मान खाली घालाची गरज नाई."

ज्या शाळेसाठी तिने अख्खं आयुष्य वाहिलं, तिचं मरण तिने स्वतःच्या हाताने लिहून दिलं... भावाची अब्रू झाकायला!

दुपारी साहेबांनी डोकी मोजली. एकोणचाळीस. शेरा लिहून ते जीपमध्ये बसले. दिवाळीनंतर कुलूप.

संध्याकाळी गोपिका घरी आली तेव्हा मनोहर ओसरीच्या पायरीवर बसला होता. चपला धुळीने भरलेल्या, बँकेची पँट घोट्यापर्यंत मळलेली.

"कोठी गेलतास?"

"चाळीत. भागीरथाबाईच्या घरी. तिले म्हटलं, पोरगी मी काढली, चोरून काढली. माही बहीण खोटी नवती."

"मग?"

"तिनं दारातच उभं केलं मले. आजूबाजूच्या बाया जमवल्या अन् म्हणे, आता यायच्यासमोर पुन्हा सांग."

"सांगतलं?"

"सांगतलं."

गोपिका त्याच्या शेजारी पायरीवर टेकली. त्याच्या केसांत गुंतलेला कापसाचा पुंजका तिने बोटांनी काढून टाकला.

"सकाळपासून काही खाल्लं काय रे?"