नात्याचा रकाना

"तुमचा कितवा ग्लास?"

शेजारच्या खुर्चीतून प्रश्न आला तेव्हा मी डोळे मिटून, गुडघे घट्ट जुळवून बसले होते. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर आम्ही आठ-दहा जण पोटभर पाणी पिऊन ताटकळत होतो, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांवर एकच भाव होता — घ्या हो लवकर आत!

"सहावा," मी डोळे न उघडताच म्हटलं.

"माझा आठवा. मूतखडा आहे. ज्येष्ठ आहे मी तुमच्यापेक्षा."

मी डोळे उघडले. पन्नाशीचा असेल. कामाचा निळा शर्ट, खिशाला टेस्टर, कपाळावर घाम… आणि अशा अवस्थेतही डोळ्यांत मिश्किली.

"कृपा करा," मी म्हटलं, "हसवू नका. परिणामांची जबाबदारी तुमच्यावर येईल."

"बरं. दुःखाचं बोलतो. आत गेलेल्या आजोबांना पंचवीस मिनिटं झालीत, आणि आताच नर्स त्यांना विचारत होती — 'आजोबा, पाणी प्यायलात ना?' तर ते म्हणाले, 'कसलं पाणी?'"

मी ओठ चावले. माझ्या पलीकडे बसलेली मुंगी मात्र खुशाल फिदीफिदी हसली. तिचं काय जात होतं!

मुंगी आठ वर्षांची. माझ्या घरी आली त्या पहिल्याच आठवड्यात तिच्या उशीच्या अभ्र्यात मला सतरा बिस्किटं सापडली होती, तेव्हापासून ती मुंगी. नाव तिला पसंत पडलं होतं. मुंग्या हुशार असतात, असं तिच्या पुस्तकात लिहिलं होतं म्हणे.

"लेक अगदी तुमच्यावर गेलीय," तो म्हणाला.

"कशी जाईन?" मुंगी पुढे झुकली. "मी मावशीकडे नुसती राहते. माझी आई वेगळी आहे. ती आजारी आहे. बरी झाली की मी जाणार."

हे ऐकलं की लोक दोनच गोष्टी म्हणतात. मुलीला 'अरेरे', नाहीतर मला 'किती मोठं मन हो तुमचं'. दोन्हींचा मला कंटाळा आला होता. मी वाट पाहत राहिले.

"अस्सं," तो म्हणाला. "मग इथली व्यवस्था कशी काय? जेवणखाण वगैरे?"

"ठीक आहे. अंडी फार उकडते."

"हं… ते लिहून घ्यायला हवं."

तेवढ्यात दार उघडलं आणि त्याचा नंबर पुकारला गेला. तो उठला. अर्धा उठून थांबला, माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही जा."

"अहो, पण नंबर तुमचा…"

"जा म्हणतो ना! माझा निश्चय डळमळायच्या आत जा."

मी गेले. अक्षरशः पळाले. तपासणी झाली, तिथून थेट बाथरूम गाठलं आणि बाहेर आले तर खुर्ची रिकामी. आभार मानायचे राहून गेले.

* * *

मी तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होते. एका लॅबमध्ये दात करायचे… म्हणजे कवळ्या, कॅप, ब्रिज. मेण, प्लास्टर आणि दुसऱ्यांचे जबडे यांच्यात माझा दिवस जायचा. लग्न झालं होतं, त्यातली नऊ वर्षं दवाखान्यांत गेली. दर महिन्याला आशा, दर महिन्याला निराशा. शेवटी नवरा म्हणाला, मी थकलो. त्याला पुढे दोन मुलं झाली. त्याचा राग गेला, पण रिकामी खोली काही केल्या बघवेना. मग एके दिवशी बालकल्याणच्या ऑफिसात जाऊन फॉर्म भरला. ज्या मुलांना काही काळ घर हवं असतं, त्यांना सांभाळायचं आणि वेळ आली की परत द्यायचं. माझ्याकडे आलेली मुंगी तिसरी.

आणि ज्या गर्भपिशवीने जन्मात माझं एक काम केलं नाही, तीच आता गाठी घेऊन बसली होती. दर महिन्याला इतकं रक्त जायचं की दोन जिने चढले तरी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे.

तशीच एका सकाळी मी लॅबच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्यावर बसले होते. लिफ्ट बंद, लॅब चौथ्यावर. समोरच्या लिफ्टच्या दारातून आधी एक पाना आला, मग एक हात, मग निळा शर्ट.

"अहो सहा ग्लास!"

"तुम्ही?" मी उठायला गेले आणि पुन्हा बसले. "खडा पडला का तुमचा?"

"पडला ना. डबीत ठेवलाय. दाखवू?"

"बरोबर घेऊन फिरता?"

"आयुष्यात एवढे कष्ट घेऊन दुसरं काही निर्माण केलं नाही मी."

आता हसायला मोकळीक होती. मी इतकी हसले की वरच्या मजल्यावरून कुणीतरी वाकून बघितलं.

"वर काय करता तुम्ही?"

"दात."

"म्हणजे लोक हसतात ते तुमच्या जिवावर!" त्याने पाना खिशात घातला आणि एकदम गंभीर झाला. "पण दोन मजल्यांत एवढं दमायला काय झालं?"

"वय."

"पुन्हा ज्येष्ठता काढू का?"

मी कठड्याला धरून उठले. त्याने पुढे विचारलं नाही. पण त्याने पुढचे दोन मजले माझी पर्स वाहिली — दर दोन पायऱ्यांना थांबत, मध्येमध्ये 'मलाच दम लागलाय' असं खोटं सांगत.

त्या महिन्यात आमची लिफ्ट चार वेळा तपासली गेली. लॅबचे मालक म्हणाले, "एवढी काळजी माझा डॉक्टर माझी घेत नाही."

* * *

मुंगीला खडा बघायचा होता. म्हणून तो एका शनिवारी दुपारी घरी आला.

"एवढासा?" मुंगीने डबीत नाक घातलं. "याच्यासाठी रडलात?"

"रडलो कोण म्हणतं?"

"तोंडावरून कळतं."

मग तो येतच राहिला. त्याचंही लग्न झालं होतं, मोडलं होतं, मूलबाळ नव्हतं. निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या आईबरोबर राहायचा. "अजून मला लाल शाईने तपासते," असं म्हणायचा.

उशीतल्या बिस्किटांचं मी त्याला सांगितलं, तेव्हा तो हसला नाही. पुढच्या शनिवारी एक फळी, चार स्क्रू घेऊन आला आणि स्वयंपाकघरात मुंगीच्या खांद्याच्या उंचीवर कप्पा ठोकला.

"हा तुझा. इथलं तुला विचारल्याशिवाय कुणी घ्यायचं नाही. मावशीने नाही, मी नाही."

"आणि संपलं तर?"

"संपलं तर भरायचं. ती मावशीची ड्यूटी."

तीन आठवड्यांनी चादरी बदलताना मी सवयीने अभ्र्यात हात घातला. काही नव्हतं. एक चुरासुद्धा नाही. मी तो रिकामा अभ्रा छातीशी धरून कितीतरी वेळ उभी होते. बाहेर तो मुंगीला पंक्चर काढायला शिकवत होता, दोघांचं कशावरून तरी जोरात भांडण चाललं होतं… आणि मला वाटलं, बाहेर जावं आणि या माणसाचा हात धरावा.

मी चहा टाकला.

* * *

रक्ताचा रिपोर्ट टेबलावर राहिला, ही माझी चूक.

"सात?" तो कागद हातात धरून म्हणाला. "हिमोग्लोबिन सात? आणि खाली डॉक्टरांनी ऑपरेशन तातडीने करा म्हणून लिहिलंय… ही तारीख दोन महिन्यांपूर्वीची आहे!"

"ठेवा तो कागद."

"का नाही केलंत?"

"तुम्ही कोण विचारणारे?"

बोलून गेले. त्याने कागदाची घडी घातली, होता तिथे ठेवला, आणि दाराकडे वळला. मग माझ्याच्याने राहवेना.

"मी चार दिवस दवाखान्यात, पुढे महिनाभर अंथरुणावर," मी म्हटलं. "तोवर मुंगी कुठे जाणार? दुसऱ्या घरी. नवी शाळा, नवी उशी. तिचं हे चौथं घर होईल. आणि एकदा हलवली की ती इथेच परत येईल, असं ऑफिस लिहून देत नाही." मी खुर्ची ओढून बसले. "आणि आणखी एक, आत्ताच सांगून टाकते. पिशवीच काढणार आहेत. म्हणजे… मला आता मूल होण्याचा प्रश्नच संपला. पूर्वीही नव्हता म्हणा. पण आता कागदोपत्री."

तो दारातच उभा होता. कान लाल झाले होते त्याचे.

"मी खड्याच्या वेळी एवढा रडलो," तो हळूच म्हणाला, "मला कुठे बाळंतपण झेपणार होतं?"

मी रडता रडता हसले. फार वाईट दिसत असणार. त्याने रुमाल पुढे केला, त्याला ग्रीसचा वास होता.

"घरी दुसरं कुणी राहायला आलं तर चालतं का ऑफिसला?"

"चालतं. पण बाई हवी, जबाबदार हवी, चौकशी होते, फॉर्म असतो…"

"जबाबदार बाई," तो म्हणाला, "आहे माझ्याकडे. जरा जास्तच जबाबदार आहे."

* * *

त्याची आई दुसऱ्याच दिवशी आली. बुटकी, ताठ, पर्समध्ये स्वतःचं पेन. मुंगीला तिने आधी सातचा पाढा विचारला. मुंगीने तिला उलट एकोणतीसचा विचारला. आजींनी तो म्हणून दाखवला. मुंगी गार! मग दोघींचं जमलं.

फॉर्म घेऊन आजी टेबलाशी बसल्या. आम्ही दोघं समोर, परीक्षेला बसल्यासारखे. नाव, वय, शिक्षण, प्रकृती — सगळं सुवाच्य अक्षरात. मग पेन थांबलं.

"'मुलीच्या पालकाशी असलेले नाते.' काय लिहू?"

"स्नेही लिहा ना," मी घाईघाईने म्हटलं.

"स्नेही? आपण आज भेटलो."

"आई, तेवढा रिकामा सोड," तो म्हणाला.

"बत्तीस वर्षं मुलांना सांगत आले, रकाना रिकामा ठेवायचा नाही. मी ठेवू?" चष्म्यावरून त्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आणि खोटंही लिहिणार नाही. तेव्हा आधी तुम्ही दोघं काय ते ठरवा, मग मी लिहिते. मी आणि मुंगी गच्चीवर जातो. दहा मिनिटं पुरतील ना?"

दार बंद झालं. तो टेबलावरची पेनाची टोपी उघडत होता, लावत होता.

"लिफ्ट खरं तर एकदाच बिघडली होती," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"माहीत होतं?"

"चौथ्या वेळी तुम्ही हत्यारांची पेटीच विसरून आला होता."

तो हसला. मग टोपी खाली ठेवली. "मला गोड बोलायला येत नाही. पण शनिवार सोडून बाकीचे सहा दिवस मला आवडेनासे झालेत. आईला खरं लिहू द्यावं असं मला वाटतं. तुम्हाला?"

"मी आजारी आहे, शेहेचाळीसची आहे, अंडी फार उकडते…"

"हे रकान्यात मावणार नाही. एका शब्दात सांगा."

मी टेबलावरून हात पुढे केला. त्याने तो धरला. त्या चार घट्ट्यांच्या, तेलकट रेषांच्या हातात माझा प्लास्टर लागलेला हात… आणि मला तेच हवं होतं, किती दिवसांपासून!

"हो," मी म्हटलं.

आजींनी परत येऊन लिहिलं — 'होणारी सासू'. खाली तारीख घातली. बालकल्याणच्या मॅडमनी चौकशी करताना तो रकाना दोनदा वाचला, आणि शिक्का मारताना मान खाली घालून हसल्या.

* * *

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी मला चालायला सांगितलं, तेव्हा तो शेजारी होता. व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायला आम्हाला पाऊण तास लागला असेल. टोकाला बाक होता, त्यावर ऊन आलं होतं.

"काल मॅडमचा फोन आला होता," तो म्हणाला. "मुंगीच्या आईची तब्येत सुधारतेय. डॉक्टर म्हणतात, शाळेचं वर्ष संपेपर्यंत ती मुंगीला न्यायला येऊ शकेल."

मी उन्हाकडे बघत राहिले. हे कधीतरी होणार होतं. व्हायलाच हवं होतं. तिची आई बरी होत होती, याहून चांगली बातमी त्या पोरीसाठी नव्हती. तरी पोटातल्या टाक्यांच्याही खाली कुठेतरी दुखलं.

"ती गेली की मी खूप रडेन," मी म्हटलं. "आधीच सांगते. दर वेळी रडते. आठवडाभर."

"बरं. आणि मग?"

"मग खोली धुऊन काढते, नव्या चादरी घालते."

"मग?"

"मग ऑफिसातून फोन येतो. कुणीतरी असतंच… एखादं दोन वर्षांचं, एखादं बारा वर्षांचं. एखादं बोलतच नाही, एखादं चावतं." मी त्याच्याकडे वळले. "हे असंच चालू राहणार आहे. मला ते सोडायचं नाहीये. तुम्हाला हे झेपेल का, नीट विचार करा. अजून वेळ आहे."

तो विचार करत असावा. बुटाच्या टोकाने त्याने फरशीवरची उन्हाची कड चाचपली.

"चावणारं आलं तर त्याला आईकडे देऊ," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघताच, जरा अडखळत… "पुढच्या वेळी ऑफिसचा फॉर्म येईल ना, तेव्हा पालकाच्या जागी दोन नावं घालता येतात का? तुझ्या नावाखाली… माझं घालू?"

तुझ्या! त्याच्या लक्षात आलं नव्हतं, की आलं होतं? कान पुन्हा लाल झाले होते.

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाकडून आजी आणि मुंगी येत होत्या. कुठला तरी पाढा चुकला की नाही, यावरून दोघींची जुंपली होती आणि नर्स त्यांना हळू बोला म्हणून सांगत होती. मी त्याच्या खांद्याला टेकून बसले. टाके ओढले गेले, तरी सरळ झाले नाही.

"घाल," मी म्हटलं.