रूपिन, बाली आणि डावी पापणी

धनेश आमच्या गणपतीच्या कारखान्यात शिरला तो पावसाला चुकवायला. पेणमध्ये त्या रविवारी असा तिरका पाऊस लागला होता की छत्रीचा काही उपयोग नव्हता. मूर्ती सांगायला तो खरं तर शेजारच्या कारखान्यात निघाला होता. निथळतं हेल्मेट हातात धरून दारात उभा राहिला आणि मूर्तींवरून फिरत फिरत त्याची नजर भिंतीवर थांबली. तिथं, रंगाच्या वाट्यांच्या वर, ऋतुजानं हिमालयातल्या एका वाटेचा नकाशा चिकटवला होता.

“हा रूपिन पासचा रस्ता ना?”

ऋतुजा ही जवळच्या जिते गावची मुलगी, माझ्याकडं आखणीला बसणारी. मूर्तीचे डोळे काढायच्या कामाला आम्ही आखणी म्हणतो. ते सगळ्यात शेवटी होतं आणि कुणाच्याही हाती देत नाहीत. चाळीस वर्षं ते मी केलं. यंदा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ब्रश तिच्या हाती दिला.

मान वर न करता ती म्हणाली, “वाचता येतं वाटतं.”

“चालता पण येतं. गेल्या वर्षी बाली पासला गेलतो. सोळा हजार फूट.”

“माथ्यावर?”

तो जरा थांबला... “नाय. थोडंच राहिलं होतं. डोकं ठणकायला लागलं, उलट्या झाल्या. लीडरनं मागं फिरवलं.”

आता तिनं मान वर केली. खोटं सहज बोलता आलं असतं त्याला. हसताना त्याची डावी पापणी उजवीपेक्षा थोडी आधी खाली येते, हे मीसुद्धा तेव्हाच पाहिलं.

मूर्ती त्यानं आमच्याकडंच सांगितली. राहणारा रोह्याचा, धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला. पण सुट्टी आली की पेणला हजर.

“मूर्ती कुठवर आली बघायला आलो.”

“माती वाळते आहे,” ऋतुजा म्हणायची. “वाळताना बघायचं असेल तर बसा.”

आणि तो बसायचा! ती शाडूच्या मातीची पिशवी पाठीला बांधून आमच्या जिन्यानं वरखाली करायची, दम वाढवायला. तो खाली बसून फेऱ्या मोजायचा आणि मुद्दाम चुकायचा.

“तीस.”

“छत्तीस झाल्या!”

“मग मला दिसल्या नाय सहा. परत कर.”

भांडण एकच. रूपिन की बाली?

“रूपिनला काय हाय? धबधबा! ते आमच्या रोह्याकडं पावसात पन्नास दिसतात.”

“तीन टप्प्यांचा आहे तो. त्याच्या डोक्यावर जाऊन तंबू ठोकतात. मग बर्फाच्या घळीतून सरळ वर... आणि बालीला काय आहे?”

“बालीला,” तो म्हणाला, “मी अर्धवट सोडलेली वाट हाय.”

यावर ती बराच वेळ वाटीतला काळा रंग ढवळत राहिली.

ती रूपिनला जाणार, तो पुन्हा बालीला; दोन्ही ट्रेकच्या तुकड्या अनंत चतुर्दशीनंतर एकाच दिवशी निघणार होत्या. कंपनीची सुट्टी वर्षातून एकदाच, आणि कारखान्याला उसंत गणपती गेल्यावरच. पहिल्यांदाच एवढ्या उंचीवर जाणाऱ्यानं बालीच्या वाटेला जाऊ नये, असं तिला लीडरनं स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे ती बालीला गेली तर तिच्या जिवाशी खेळ. तो रूपिनला आला तर त्याच्या मनातलं वर्षभराचं राहून जाणार. आणि ‘माझ्याबरोबर ये’ म्हणायला दोघांचीही जीभ उचलत नव्हती.

एक दिवस भडकाच उडाला.

“मी कुठं म्हटलं, माझ्याबरोबर ये?” तो म्हणाला.

“मी तरी कुठं म्हटलं, येते?”

हेल्मेट डोक्यात घालून तो गेला. पुढचे तीन आठवडे फिरकला नाही. नेमके तेच आमचे आखणीचे दिवस. ऋतुजा मान खाली घालून रोज पंधरा-वीस मूर्तींचे डोळे काढायची. ऑपरेशननंतर जवळचं बारीक मला अजून धूसर दिसायचं, मी एकही तपासली नाही. धनेशची मूर्ती कापड घालून आमच्या टेम्पोवाल्या प्रवीणच्या गाडीतून रोह्याला गेली.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी फोन आला. धनेशच्या आईचा, अनिताबाईंचा. 

“ताई, आताच्या आता या! ज्यानं डोळं काढलं त्याला घेऊन या. उद्या पूजा झाली की हात लावता येनार नाय!”

मूर्तीला तडा गेला असेल या भीतीनं आम्ही रंग-ब्रश घेऊन एस.टी. पकडली.  खिडकीतून पाणी आत येत होतं, तरी ऋतुजानं काच ओढली नाही.

रोह्याला घरात पाय टाकला. अनिताबाईंनी कापड ओढलं. 

मखरात धनेश बसला होता.

सोंड होती, मोदक होता, सगळं होतं. पण ते डोळे! डावी पापणी उतरलेली, आता हसेल की मग हसेल अशी. चाळीस वर्षांत मी हजारो डोळे काढले. पण कारखान्यातून असं काही बाहेर गेलेलं कधी पाहिलं नव्हतं.

“दीड दिवसाचा गनपती आमचा,” अनिताबाईंच्या डोळ्यांत पाणी. “परवा नदीवर, कुंडलिकेत सोडायचा. माझ्या पोराला मी पान्यात सोडू? तो आधीच बर्फात जायला निघालाय! कोनी काढलं हे?”

“मी,” ऋतुजा म्हणाली. ओठ पांढरे पडले होते. “मला... खरंच कळलं नाही. देवाचेच काढत होते.”

“कसं नाय कळलं गो?”

तेवढ्यात दारात बूट वाजले. पहिली शिफ्ट संपवून धनेश आला होता. आईनं त्याला दंडाला धरून मखराशेजारी उभं केलं.

“बघ!”

तो बघतच राहिला. एकदा मूर्तीकडं, एकदा ऋतुजाकडं. कानापर्यंत लाल झाला.

“मला वाटायचं, तू माझ्याकडं बघतच नाय,” तो हळूच म्हणाला.

ऋतुजानं ब्रश माझ्यापुढं केला. “मावशी, तू कर. मला हे पुसवणार नाही.”

“चूक तुझी, तर पुसायची पण तूच,” मी म्हटलं.

तिनं पांढऱ्या रंगाचा हात फिरवला. डोळे नाहीसे झाले तसा अनिताबाईंनी धनेशचा हात गच्च धरला.  रंग सुकायची वाट बघत ऋतुजा बसली. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

“मी बाली रद्द केली. सकाळीच. रूपिनला नाव दिलं.”

“वेडा आहेस? वर्षभर तीच वाट डोक्यात घेऊन फिरतोस ना?”

“तो डोंगर काय पळून जातोय? आज पेणला येनारच होतो, विचारायला. तर तूच आलीस.”

“मग विचार.”

“येऊ तुझ्याबरोबर?”

तिनं वाटीत ब्रश बुडवला.  “ये. पण एका अटीवर. बाली सोडायची नाही. पुढच्या वर्षी मी कच्ची नसेन. तिथं मी येईन तुझ्याबरोबर.”

“म्हंजे दोन वर्सं बर्फातच?” अनिताबाई कडाडल्या. “मग लगीन कधी?”

ऋतुजाचा ब्रश हवेतच राहिला. धनेशनं आ वासला. लग्नाचं तोवर कुणी नावसुद्धा काढलं नव्हतं!

“रूपिन आणि बालीच्या मधी उन्हाळा येतो ना?” त्याच पुढं म्हणाल्या. “तवा करा. आणि आता डोळं नीट काढ गो. देवाचं काढ. हा काय आता पळत नाय.”

ऋतुजा हसली, रडली आणि मग एका दमात दोन्ही डोळे आखले. शांत, सरळ, कुणाचेच नसलेले.

परतीच्या एस.टी.त ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मी तिला सांगितलं नाही, की बावीस वर्षांची असताना माझ्या हातूनही असेच एकदा कुणाचे तरी डोळे उतरले होते. मात्र मी ते लगेच पुसून टाकले होते, कुणी बघायच्या आत.