मुद्दाम बिघडवलेली कवळी

त्या दुपारी दादांनी आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून एक वाईट कवळी घडवली… आणि ती घडवताना आपला हात जराही थरथरला नाही, याचंच त्यांना अधिक वैषम्य वाटलं.

टेबलावर स्पिरिटचा दिवा निळसर जळत होता. त्यांनी सुरी तापवली, उजवीकडच्या शेवटच्या दाढेखालचं मेण हलकेच मऊ केलं आणि ती दाढ केसभर, अगदी केसभरच, वर चढवली. समोरून पाहणाऱ्याला मोत्यांची ओळ दिसावी. पण ज्याच्या तोंडात ती बसेल त्याचा घास एकीकडे आणि जबडा दुसरीकडे जावा! मग त्यांनी दिवा विझवला आणि कुणी पाहत नाही ना, याची खात्री करून डोळे पुसले.

हे घर दातांवर चाललं होतं. बाहेरच्या खोलीत कारखाना, आतल्या दोन खोल्यांत संसार. शहरातले दंतवैद्य रुग्णांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे पाठवत आणि दादा व त्यांचा धाकटा भाऊ बाळ्या त्यांवर कवळ्या बसवून देत. मिशीत पांढरा केस उगवला तरी बाळ्याचं नाव बाळ्याच राहिलं होतं. भिंतीवरच्या फळ्यांवर साच्यांच्या रांगा लागलेल्या; 'लोकांच्या भिंतींना कान असतात, आमच्या भिंतींना दात आहेत,' असं बाळ्याची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी. तिला सगळे धाकटी म्हणत. हा धंदा ज्यांनी उभा केला ते आप्पा, दोघा भावांचे वडील, आता थकले होते. पण स्वतःचे बत्तीसही दात शाबूत असल्याचा त्यांना असा काही अभिमान होता, की धाकटी त्यांना तोंडावर 'धंद्याला लागलेला कलंक' म्हणे आणि ते तेच बत्तीस दात दाखवून खुशाल हसत.

आप्पांची नजर अधू झाली होती, कान मात्र तल्लख. बिजागरीवर वरचा-खालचा जबडा बसवायचं एक पितळी यंत्र होतं. नवी कवळी त्यात बसवायची, यंत्र आप्पांच्या कानाशी न्यायचं आणि मिटायचं. एकच भरीव 'टक्' आला तर आप्पा मान डोलावत. 'ट-टक्' असा दुहेरी आवाज आला तर एखादी दाढ आधी टेकते आहे, हे ते डोळे मिटून सांगत. आप्पांच्या कानावरून गेल्याशिवाय कुठलीही कवळी त्या घराचा उंबरा ओलांडत नसे.

आणि दादांची ही कवळी त्या कानाला चुकवून जाणार होती!

कारण दूरदेशीच्या एका कारखान्याची मालकीणबाई. जबड्याचा भाग आजारात किंवा अपघातात गमावलेल्यांसाठी ती कृत्रिम जबडे घडवत असे. कितीएक वर्षांपूर्वी दादांनी तिला एका मेळाव्यात बोलताना ऐकलं होतं. शेवटच्या रांगेत बसून, तोंडातून चकार शब्द न काढता त्यांनी ते सारं प्राणांत साठवून घेतलं होतं… ज्याचा अर्धा चेहराच गेला, त्याला पुन्हा चारचौघांत बसून घास चावता यावा! हे काम आपल्याला शिकायला मिळावं, ही त्यांची एकमेव आकांक्षा. तिचा कुणापुढे उच्चारही त्यांनी कधी केला नव्हता. आई गेली तेव्हा बाळ्या चौथीत होता. त्याचं शिक्षण, त्याचं लग्न, आप्पांचं आजारपण. या साऱ्यात स्वतःचं लग्नही ज्याला आठवलं नाही, त्यानं आकांक्षेला बाहेरच बसवून ठेवलं, तर नवल ते काय?

आता मालकीणबाईंना एक कारागीर हवा होता. असा हात आपल्या देशात मिळत नाही, हे तिकडच्या सरकारला शपथेवर पटवून तिनं एका माणसाला बोलावण्याची परवानगी मिळवली होती. कामाचा व्हिसा तिच्या नावावर, तिच्या जबाबदारीवर मिळणार होता. दोघा भावांचं नाव तिच्या कानी गेलं होतं. तिनं दोघांनाही एकच साचा पाठवला आणि दोघांनी वेगवेगळी कवळी करावी, असं कळवलं. जागा एकच.

दादांनी त्याच दिवशी मनाशी ठरवलं, जायचं ते बाळ्यानं. त्या व्हिशावर बायकोलाही नेता येत होतं. धाकटीला तिकडची भाषा उत्तम येई. फोनवरून तिकडच्याच लोकांच्या तक्रारी निवारण्याची तिची नोकरी होती. आतल्या अरुंद खोलीतून त्या दोघांचा संसार मोकळ्या जागेत जाईल. आप्पांजवळ आपण आहोतच… हिशेब इतका सरळ होता, की त्यात स्वतःला कुठे धरायचं राहिलं, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

एकच शल्य मात्र खोल रुतलं. साचे आले त्या दिवसापासून बाळ्यानं आपल्या टेबलाभोवती पडदा लावला! ज्या पोराला सुरी धरायला शिकवली, तो दादांची चाहूल लागताच मेणावर फडकं टाकू लागला, जेवताना नजर चुकवू लागला. एवढी ईर्षा? मागितलं असतं तर दिलं नसतं का? न मागताच देतो आहे… पण दादा बोलले नाहीत. दात ओठांवर दाबून गप्प राहण्याची विद्या त्या घरात त्यांच्याइतकी कुणालाच साधली नव्हती.

कवळ्या पाठवायच्या दिवशी दादांनी कुरियरवाला घाईत असल्याची सबब सांगितली. बाळ्यानंही, काय आश्चर्य, तीच सबब सांगितली. पितळी यंत्र कोनाड्यातच राहिलं. आप्पांनी कान पुढे केला होता; तो त्यांनी मुकाट्यानं मागे घेतला आणि पुन्हा रेडिओ लावला.

मालकीणबाईंचा फोन आला तो एका सकाळी, चहाच्या वेळी. फोनच्या पडद्यावर त्या दिसू लागल्या: आखूड पांढरे केस, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, पुढ्यात दोन कवळ्या. धाकटी दुभाषी म्हणून मधोमध बसली. बाई खूप वेळ बोलल्या. धाकटीचा चेहरा आधी गंभीर झाला, मग गोंधळला, मग तिनं हसू दाबायला पदर तोंडाशी नेला.

"दोघेही नापास," ती म्हणाली. "बाई म्हणतात, एवढ्या वर्षांत इतकं वाईट काम त्यांच्याकडे आलं नव्हतं. एकानं सरळ भिंत बांधून पाठवली आहे, दात म्हणवतच नाहीत. दुसऱ्याची दिसायला देखणी, पण चावतच नाही. विचारतायत, ही थट्टा आहे का?"

दादा चमकले. भिंत? बाळ्याच्या हातून भिंत? तोवर बाळ्या खुर्चीतून अर्धवट उठून पडद्याला नाक लावून पाहत होता. बाईंनी दादांची कवळी वळवून मागची बाजू दाखवली आणि त्याचा चेहरा क्षणात पालटला.

"दादा, ही उजवी दाढ तू चढवलीस. मुद्दाम."

दादांनी पुढे वाकून बाईंसमोरची बाळ्याची कवळी पाहिली. मग फक्त बापच ज्या स्वरात विचारू शकतो, त्या स्वरात त्यांनी विचारलं, "आणि तुझ्या सुळ्यांचं काय झालं? असे बसवायला मी शिकवलं होतं तुला?"

बाळ्या हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "म्हणून तर पडदा लावला होता ना. तू पाहिलं असतंस तर माझा हात धरून ते नीट करून दिले असतेस. मग मी नापास कसा झालो असतो?"

दादांच्या अंतःकरणात काहीतरी खळ्ळकन फुटलं. इतके दिवस उराशी जपलेला तो सल, ती ईर्षेची शंका… ज्या पडद्याला त्यांनी द्रोह मानलं, त्याच्याआड तो वेडा पोर आपल्या हाताची अब्रू स्वतःहून मातीत मिळवत बसला होता! आणि कुणासाठी?

"मला वाटलं, तू…" ते एवढंच म्हणाले.

पडद्यावर मालकीणबाई काय चाललंय म्हणून विचारत होत्या. धाकटीनं त्यांना सांगायला सुरुवात केली आणि सांगता सांगता ती स्वतःच रडू लागली. तिकडे बाईंनी चष्मा लावला, काढला, पुसला. "दोघांचाही त्याग कुरियरनं गेला आणि तिथे आपटला," धाकटी डोळे पुसत सर्वांना म्हणाली. "मला कुणी विचारलं का? दिवसभर तिकडच्या लोकांच्या तक्रारी ऐकते, त्याचा पगार मिळतो. तिकडे राहायला जाऊन फुकट ऐकू? मला नाही जायचं, दादा. आणि यांना तर जत्रेतल्या पाळण्यातसुद्धा चक्कर येते, विमानात काय बसणार?"

एवढा वेळ आप्पा बशीतला चहा संपवत होते. बशी खाली ठेवून ते म्हणाले, "दोन्ही पोरांनी एकाच दिवशी माझ्या कानाला टाळलं, तेव्हाच मी ओळखलं. बोललो नाही. म्हटलं, थोरल्याचं पोटातलं कधी बाहेर येतंय बघू. पण तो कसला बोलतो… त्याच्यापेक्षा हे प्लास्टरचे जबडे बरे." मग त्यांनी अंदाजानंच दादांच्या दिशेला हात पुढे केला. "तुला जायचंय ना रे?"

साधा प्रश्न. पण दादांना तो असा कुणी कधी विचारलाच नव्हता. आप्पांचा सुरकुतलेला हात हातात घेऊन ते लहान मुलासारखे म्हणाले, "हो आप्पा. खूप जायचंय."

बाईंनी पुन्हा एक संधी दिली. या वेळी एकच कवळी, एकाच हाताची. दादांनी ती पडदे उघडे टाकून केली. बाळ्या समोर पहारा देत बसला होता, दाढ जरा कुठे हलली तर ओरडायला. यंत्र आप्पांच्या कानाशी मिटलं, एकच 'टक्' उमटला, आणि आप्पांनी मान डोलावण्याऐवजी ती खाली घालून डोळे टिपले.

पुढे मग कागदांचा खेळ सुरू झाला. मालकीणबाईंनी हमी पाठवली, इथे दादांची छाती तपासली गेली, बोटांचे ठसे उठेनात म्हणून तीनतीनदा घेतले. मेणानं आणि घासकागदानं त्या बोटांवरच्या रेषाच पुसल्या होत्या. परीक्षेसाठी धाकटी रोज सकाळी भाषा घोटून घेई आणि चुकलं की, "दादा, असं बोललात तर तिकडे तुम्हाला पाणीसुद्धा मिळणार नाही," असा दम देई. दादा शहाण्या विद्यार्थ्यासारखा दम ऐकून घेत. या लाडाची त्यांना सवय नव्हती.

वकिलातीत मुलाखतीला चौघंही गेले. आत खिडकीशी फक्त दादा. काचेपलीकडच्या अधिकाऱ्यानं काम विचारलं, मालकीणबाईंचं नाव विचारलं, आणि मग मान खाली घालून सवयीनं विचारलं, "तुमच्यावर अवलंबून असणारं कुणी आहे?"

दादांचं उत्तर तयार होतं. कित्येक वर्षं ते मनाशी हेच उत्तर देत आले होते: वडील, भाऊ, भावजय. त्यांनी सहज मागे वळून पाहिलं. दालनाच्या टोकाला आप्पा शेजारच्या अनोळखी माणसाला आपले दात दाखवत होते. धाकटी दुरूनच ओठ हलवून व्याकरण सांगत होती. आणि बाळ्या… हात घट्ट जोडून, डोळे मिटून असा बसला होता, की जणू व्हिसा त्याच्याच श्वासावर अडला आहे.

"नाही," दादा म्हणाले. मग त्यांना राहवलं नाही. "मी आहे त्यांच्यावर अवलंबून."

अधिकाऱ्यानं पहिल्यांदाच मान वर केली. त्यानं काचेतून लांब त्या तिघांकडे पाहिलं, पुन्हा दादांकडे पाहिलं. "त्यासाठी आमच्याकडे रकाना नाही," तो म्हणाला आणि हसून त्यानं पासपोर्ट आपल्याकडे ओढून घेतला. "व्हिसा लावून देतो. सोमवारी न्यायला या."

बाहेर तिघांनी त्यांना घेरलं. काय विचारलं, किती वेळ विचारलं, धाकटीनं शिकवलेलं चुकलं तर नाही ना… दादांनी फक्त सोमवारचं सांगितलं. आप्पांनी एवढ्या मोठ्यांदा टाळी वाजवली, की रखवालदारानं वळून पाहिलं.

"पण एवढं मागे वळून काय बघत होतास?" बाळ्यानं विचारलं.

पायऱ्या उतरताना दादांनी बाळ्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यावर आपला सगळा भार टाकला.