सोमवारची घाणी

"पदराला चुना लागलाय, सुंदरम्माबाई..."

मी वळून पाहिलं. नवे ओव्हरसियर शिवशरण हातात कागद घेऊन हसत उभे होते. मी मात्र आमच्या शाळेच्या बांधकामाची चौकशी करायला आले होते.

"लागू द्या," मी म्हणाले. "पाडव्याला छप्पर होतंय का, तेवढं सांगा."

तेव्हा, एकोणीसशे अठ्ठावीस साली, माझ्या एकतीस मुली गावातल्या चनबसप्पांच्या ओसरीवर शिकत होत्या. ओसरी पाडव्यापर्यंतच दिलेली. तोवर इमारत झाली नाही तर मुली घरी बसणार, आणि एकदा घरी बसलेली मुलगी परत येत नाही, हे मी पाहिलं होतं.

त्यांनी ऐटीत कागद पुढे केला. दिवसागणिक काम मांडलेलं. मी बोट फिरवत गेले आणि थांबले.

"सोमवारी चुना मळायची घाणी कोण फिरवणार? घाणीवाला निंगप्पा सोमवारी बैल जुंपत न्हाय की. पुण्याला शिकून सोमवार विसरलात?"

त्यांचे कान लाल झाले. तेही आमच्यातलेच, लिंगायत; नंदीचा वार म्हणून त्यांच्या घरीही सोमवारी बैलाच्या मानेवर जू चढत नसे. कागदावर असे सहा सोमवार होते. सहा दिवस चुना नाही, गवंडी बसून, म्हणजे पाडवा हुकलाच. शाळेच्या कमिटीकडे मुदत मागू, असं ते पुटपुटले. मला राग आला.

"सुट्टी बैलाला हाय. मला न्हाय."

त्या दिवशीही सोमवारच होता. मी थांबलेल्या घाणीचा दांडा धरून ढकलला. दगडी चाक हलेना. मग माझ्या हातांशेजारी शिवशरणांचे दोन हात आले... आणि चाक फिरलं.

पुढचे सगळे सोमवार, शाळा सुटली की मी घाणीवर. निंगप्पा आधी बैलापाशी बसून हसायचा. तिसऱ्या सोमवारी तोही दांड्याला लागला. शिवशरणांनी कागद नव्यानं मांडला. कुठलं काम कशानं अडेल ते लिहायचं, शेजारी उपाय. मला विचारून लिहीत, पण नजर कागदावर कमीच असे. मला ते आवडू लागले होते, खोटं कशाला बोलू?

पाडव्याला एकतीसच्या एकतीस मुली नव्या छपराखाली बसल्या.

पुढच्या सोमवारी घाणीला काम नव्हतं. तरी मी गेले. तेही आले होते. त्यांनी एक कागद दिला. त्यावर एकच काम होतं — सुंदरम्मांना लग्नाचं विचारणे. खाली दोन अडचणी. पहिली, शाळा सुटेल अशी त्यांना भीती. उपाय, शाळा सोडायची नाही. दुसरी, त्या नाही म्हणतील. तिथे उपायाची जागा कोरीच होती.

"हितं काई लिवलं न्हाय तुमी."

"सुचलंच नाही..." ते म्हणाले.

मी त्यांच्या खिशातली पेन्सिल काढून घेतली आणि दुसरी अडचण खोडून टाकली.