एका माणसापुरती खोली

"अहो, हात नका लावू! ओला आहे..."

पण उशीर झाला होता. तिचा अख्खा पंजा भिंतीवर उमटला होता, आणि शिडीवरचा रंगारी हसू दाबत खाली बघत होता.

"सॉरी... ही माझी खोली आहे. म्हणजे — मिळणार आहे."

"मग काय, मालकीणबाई! सही आधीच केलीत की."

ती कानापर्यंत लाल झाली. दोन वर्षांत तिला कुणी मालकीण म्हटलं नव्हतं. बाबा गेले, दादाने घर विकलं, आणि तिच्या फिट्सचा धसका घेतलेल्या वहिनीने नव्या घरी तिला जागाच ठेवली नाही. दिवसा ती ओळखीच्या एका काकूंच्या दुकानात कपडे अल्टर करायची, आणि झोपायला स्टेशनचा बाक. एकदा तिथेच फिट आली. शुद्धीवर आली तेव्हा भोवती माणसं होती, पायांत चपला नव्हत्या. आता एका संस्थेने तिच्यासारख्या आजारी, बेघर माणसांसाठी तीस खोल्या बांधल्या होत्या. खोली कायमची, आणि खाली औषधपाणी बघायला सिस्टर.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. खिडकीचं माप घ्यायला म्हणे!

"काल घेतलंत ना?" रंगाऱ्याने विचारलं.

"विसरले."

"उद्याही विसरा."

ती विसरत राहिली. बाहेर पाऊस भुरभुरायचा, आत चुन्याचा आणि टर्पेंटाइनचा वास. तो उरल्यासुरल्या डब्यांतले रंग मिसळायचा, तिच्या मनगटावर एक ठिपका लावायचा, मान तिरकी करून बघायचा. "हा?" ती मुद्दामच नाही म्हणायची... मग दुसरा ठिपका. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"तुझं घर कुठे रे?" तिने एकदा सहज विचारलं.

"सध्या तिसरा मजला. रंग वाळला की पुढची इमारत." तो हसला. ती हसली नाही.

तिनेच त्याला ओढत संस्थेच्या मॅडमकडे नेलं. मॅडम भल्या होत्या, पण नियम म्हणजे नियम. "यांना आजार काही नाही, त्यामुळे यादीत बसत नाहीत. आणि खोली एका माणसापुरती." मग दोघांचे चेहरे बघून त्या नरमल्या. "मागच्या प्लॉटवर दुसरी इमारत होणार आहे. तिथे जोडप्यांसाठी खोल्या आहेत. थोडं थांबा."

जिन्यात तो थांबला. "जोडप्यांसाठी म्हणाल्या. मी — म्हणजे तुझी हरकत नसेल तर..."

"हरकत कसली, वेड्या!" ती म्हणाली, आणि त्याच्या शर्टाला डोळे पुसले.

महिन्याभराने काकूंनी शिवणयंत्रावर एक कागद ठेवला. "सही कर गं. मागे आणखी एक बेघरांची इमारत येतेय. तशी माणसं आपल्या गल्लीत नकोत."

"काकू, मी तिथेच राहते. पहिल्या इमारतीत."

काकू गोऱ्यामोऱ्या झाल्या. "अगं, तुझी गोष्ट वेगळी..." पण कागद त्यांनी फाडला नाही. घडी घालून पर्समध्ये ठेवला. तीनशे सह्या जमल्या, आणि दुसरी इमारत कागदावरच राहिली.

इकडे शेवटच्या खोलीचाही रंग वाळला. कंत्राटदाराला दुसऱ्या शहरात काम मिळालं होतं. रंगारी पिशवी घेऊन तिच्या दारात उभा राहिला.

"चल माझ्याबरोबर. जिथे काम, तिथे आपण दोघं."

"आणि मला फिट आली तर? तू शिडीवर असताना?"

त्याने पिशवी खाली ठेवली.

"तू इथेच थांब ना... चोरून."

"पकडला गेलो तर तुझी खोली जाईल." त्याने तिच्या गालाला हात लावला. बोटं खरखरीत होती. "प्रेम नाही का माझ्यावर?"

"आहे. खूप आहे." ती रडत होती, पण उंबरा सोडत नव्हती. "पण मी पुन्हा त्या बाकावर नाही जाणार. तुझ्यासाठीसुद्धा नाही."

त्याने पिशवी उचलली. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसती मान हलवली आणि जिना उतरला. ती खिडकीपाशी गेली नाही.

आठवड्याने गोळ्या देताना सिस्टरने विचारलं, "झोप लागते ना?"

"लागते," ती म्हणाली. अगदी गाढ लागत होती, आणि याचीच तिला लाज वाटत होती.