आठवं शिफारसपत्र

शिफारसपत्रं मी कधीच स्वतः लिहिली नाहीत. पुण्यात कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते तेव्हा आमच्या डिपार्टमेंटची पद्धतच होती. मुलगा पत्र मागायला आला की त्याला सांगायचं, "तूच लिहून आण, मी सही करते." तो बिचारा संकोचत स्वतःची अर्धीमुर्धी स्तुती करून आणायचा, आपण एखादं विशेषण वाढवायचं आणि सही ठोकायची. त्यात कुणाचं कधी काही बिघडलं नाही. नवऱ्याबरोबर, उल्हासबरोबर, जपानला आले तेव्हा कुकर, पोळपाट आणि ही पद्धत घेऊन आले.

ही गोष्ट २००७ सालची. टोकियोत हिगाशी-कसाईतल्या आमच्या इमारतींमध्ये तेव्हा दर महिन्याला एखादं नवं कुटुंब उतरायचं, नवरा सॉफ्टवेअरमध्ये आणि बायको सामान लावण्यात. मुलं भारतीय शाळेत. बारावीच्या मुलांचे विद्यापीठांचे अर्ज भरून घ्यायचे, निबंध तपासायचे, मुलाखतीचा सराव करून घ्यायचा, हे काम शाळेने माझ्यावर सोपवलं होतं. दर शनिवारी सकाळी दहा ते बारा, आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावरच्या मीटिंग रूममध्ये. तिथे घडीच्या खुर्च्या होत्या, भिंतीवर कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा त्याचा तक्ता होता, आणि एक लांब खिडकी होती, जिच्यातून सायकलींची शेड सोडून काहीही दिसत नसे. मुलं आठ. त्यातली एक माझी ईश्वरी.

ईश्वरी नऊ वर्षांची असताना इथे आली. सतराव्या वर्षी ती मला जपानीत उत्तर द्यायची, बापाला इंग्रजीत, आणि मराठी फक्त शब्दाशब्दाने, भातात खडा लागावा तशी. मला ते लागायचं. मी ते बोलून दाखवायचे, तेही नको तितकं. मार्चमध्ये उल्हासची इथली मुदत संपत होती. कोबेच्या एका विद्यापीठाने आमच्या शाळेसाठी एक जागा राखली होती. शाळेने एकाच मुलाचं नाव पाठवायचं, मग छोटीशी मुलाखत, की प्रवेश. ती जागा मिळाली तर ईश्वरी इथे राहणार होती, नाहीतर आमच्याबरोबर पुण्याला.

"मम, पुण्यात मी काय करू?" ती एकदा जपानीत म्हणाली. "तिथे कोणी मला ओळखत नाही."

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी मुलांनी आपापली पत्रं लिहून आणली. वर्ग संपल्यावर गठ्ठा पुढ्यात घेऊन मी सह्या केल्या, प्रत्येक सहीशेजारी हान्को मारला. इथे सहीला कोणी विचारत नाही, नावाचा तो लाल शिक्काच खरा. वाचलं एकही नाही. आठ पत्रं, आठ पाकिटं. आठ मुलं म्हणजे आठ पत्रं, हिशेब जुळला म्हणून मी समाधानाने पाकिटं बंद केली आणि दुपारीच शाळेत देऊन आले.

रात्री पोळ्या लाटताना लाटणं हातातच थांबलं. ईश्वरीचं पत्र माझ्याकडे यायलाच नको होतं. आईने मुलीची शिफारस करायची नाही म्हणून तिचं पत्र शाळेतल्या अरुणाताईंनी दिलं होतं, तेही आधीच्या आठवड्यात. माझ्या गठ्ठ्यात सातच असायला हवी होती.

सोमवारी शाळेत गेले. मुख्याध्यापक लक्ष्मण सर मला बघून उठूनच उभे राहिले.

"या मॅडम. पत्र असावं तर असं! कमिटीत वाचून दाखवलं मी. कोबेसाठी तिचंच नाव पाठवलं."

"कुणाचं?"

"जयमालाचं."

माझ्या वर्गात जयमाला नव्हती. मी तसं म्हटलं. सर हसले, मी विनयाने काही म्हणते आहे असं समजून. त्यांनी प्रत काढून दिली. खाली माझी सही, माझा हान्को. वरचा मजकूर मी उभ्याउभ्याच वाचला. 'जयमालाला मी दोन वर्षं जवळून ओळखते. ती खिडकीजवळ बसते. एकही शनिवार तिने चुकवलेला नाही. परदेशात वाढूनही ती आईशी स्वच्छ मराठीत बोलते, ही गोष्ट आज दुर्मिळ आहे. हे मी जबाबदारीने लिहिते आहे.' ते शेवटचं वाक्य माझं आहे. प्रत्येक पत्रात मी ते घालायला लावते. पण त्याच्या आधीचं वाक्य कोणत्याही मुलाला सुचणारं नव्हतं. ते माझ्याच मनातलं होतं, आणि मी ते घराबाहेर कधी कुणाला बोलले नव्हते.

"आडनाव नाही यात," मी म्हटलं.

"फॉर्मवर असेल ना," सर म्हणाले आणि फोन घ्यायला वळले.

कुणीतरी थट्टा केली असणार, असं मी ठरवलं. अशी कामं करणारा एकच, सुयश. पुढच्या शनिवारी मी वर्गात शिरले ती त्याला फैलावर घ्यायच्या तयारीने. खुर्च्या मुलं लावतात. मी सवयीने मोजल्या. नऊ होत्या. नववी खिडकीला टेकून.

"ही कुणाची?"

सुयशने माझ्याकडे असं बघितलं की थट्टेचा संशय तिथेच गेला. "जयमालाची, काकू."

"कुठे आहे ती?"

"आत्ता होती," क्षितिज म्हणाला. "बाहेर गेली असेल."

मी सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. कुणी हसू दाबत नव्हतं. कुणी माझ्याकडे नीट बघतही नव्हतं. सगळे वह्या उघडत होते. मी त्या खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवला. ऑक्टोबर संपत आला होता, खोलीतला हीटर अजून लावलेला नव्हता. बैठक कोमट होती.

घरी गेल्यावर ईश्वरीला विचारलं. ती फ्रिज उघडून उभी होती.

"जयमाला? शी इज क्वाएट, मम. काहीच नाही बोलत."

"पण ती आहे कोण? कुणाची मुलगी?"

ईश्वरीने खांदे उडवले. मग फ्रिजमध्येच बघत म्हणाली, "पत्रावर साइन तर तूच केलीस ना."

मी शाळेला लेखी कळवलं की पत्र चुकीने गेलं आहे, ते रद्द समजावं. उत्तर आलं की अर्ज कोबेला पोचला असून आता बदल करता येणार नाही. अरुणाताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अगो, पत्र दिलं होतं मी, पण कुणासाठी ते बघ आत्ता आठवत नाही. वय झालं." अरुणाताई माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहेत.

नोव्हेंबरच्या मध्याला मुलाखतीचं प्रवेशपत्र आलं, ते आमच्या घरच्या टपालपेटीत. पत्ता आमचा. नाव जयमाला देवस्थळी. देवस्थळी आम्ही. फोटो ईश्वरीचा होता, गेल्या एप्रिलमध्ये स्टेशनवरच्या यंत्रात काढलेला, पांढरा शर्ट, डावीकडची बट सुटलेली.

मी तो कागद उल्हाससमोर ठेवला. भीती वाटली, हे आज कबूल करते. पण उल्हास म्हणाला, "क्लेरिकल एरर आहे. फोटो आपला, पत्ता आपला, नाव तेवढं चुकलंय. तिथे पासपोर्ट दाखवा आणि दुरुस्त करून घ्या." इतकं साधं उत्तर मिळाल्यावर बुडत्याला काडीचा आधार तसं झालं. जागा तर आपल्याच हातात आली होती! नाव काय, बदलून घेता येतं.

ईश्वरीला मात्र ते पटलं नाही. "ती वाईट वाटून घेईल," म्हणाली.

"कोण?"

ती प्रवेशपत्र पालथं ठेवून आपल्या खोलीत गेली.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी सकाळच्या शिन्कान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, आम्ही दोघी कोबेला गेलो. विद्यापीठ डोंगराच्या उतारावर आहे. खाली बंदरातल्या क्रेन्स दिसत होत्या आणि समुद्र शिशाच्या रंगाचा होता. ईश्वरीने काळा सूट घातला होता, तिथे मुलाखतीला सगळ्याच मुली घालतात तसा. स्वागताच्या टेबलावर कितामुरा-सान नावाच्या बाई होत्या, पन्नाशीच्या, अतिशय नम्र. मी पासपोर्ट पुढे केला. त्यांनी पासपोर्ट पाहिला, प्रवेशपत्र पाहिलं, मग यादीवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"ईश्वरी-सान यादीत नाहीत. जयमाला-सान आहेत."

"तीच ही. नाव चुकलं आहे."

त्यांनी माफी मागितली. नावाची दुरुस्ती सोमवारी परीक्षा विभागात होईल, म्हणाल्या. आज यादीतल्याच नावाने पुकारा होईल. उमेदवारांनी तिसऱ्या मजल्यावर बसावं, नाव घेतलं की आत जावं. सोबत आलेल्यांसाठी तळमजल्यावर चहाची सोय आहे.

जिन्याशी मी ईश्वरीचा दंड धरला. "जयमाला म्हणून हाक मारली की ऊठ. आत गेल्यावर काय ते सांग."

"दॅट्स नॉट माय नेम, मम."

"एकदाच. एवढ्याने काही होत नाही."

"मी नाही म्हणणार. ते खोटं आहे."

"मग चल पुण्याला!" मी म्हटलं. आवाज चढला होता. शेजारून जाणाऱ्या एका बापाने मान फिरवली.

ईश्वरीने दंड सोडवून घेतला. मग वर गेली. जिन्याच्या वळणावर तिने कठड्याला हात लावला आणि दिसेनाशी झाली.

तळमजल्यावरच्या खोलीत मी दीड तास बसले. हीटरची ऊब होती, हिरवा चहा होता, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. सव्वादोनला मुलं खाली यायला लागली, सगळी काळ्या सुटातली, सगळी खाली बघत. ती त्यांच्यात होती. डावीकडची बट सुटलेली.

"झालं, आई," ती म्हणाली. "छान झाली मुलाखत. त्यांनी दोनच प्रश्न विचारले, मला दोन्ही आले."

आई म्हणाली ती मला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. मी आनंदाने तिचा गाल कुरवाळला. तो गार होता, पण बाहेर तर हवाच तशी होती.

तीनच्या गाडीत आम्हाला खिडकीशेजारच्या दोन जागा मिळाल्या. ती बोलत राहिली. क्योतो गेलं, नागोया गेलं, ती बोलतच होती, एकही इंग्रजी शब्द न आणता, माझ्या आईच्या पिढीतल्या बायका बोलायच्या तसं. "तुझी किती धावपळ झाली गं माझ्यापायी," म्हणाली. "आता निवांत हो." मी सुखावले. लिहायला लाज वाटते, पण सुखावले. भाषेचं म्हणाल तर आठ वर्षं मी ह्याच मुलीची वाट बघत होते. मुलाखत चांगली झाली म्हणून ती खुलली आहे, असं मी स्वतःला सांगितलं, आणि मग आणखी एकदा सांगितलं.

पाच वाजायला दहा मिनिटं असताना माझा फोन थरथरला. गाडीत बसल्या जागी बोलत नाहीत, म्हणून मी उठून दोन डब्यांच्या मधल्या जागेत गेले. नंबर कोबेचा होता.

कितामुरा-सानांनी आधी दोनदा माफी मागितली.

"तुमच्यासोबत आलेल्या मुलीबद्दल बोलायचं होतं. त्या अजून तिसऱ्या मजल्यावर बसल्या आहेत."

"माझी मुलगी माझ्याबरोबर आहे," मी म्हटलं.

"हो. जयमाला-सानांना तुमच्याबरोबर जाताना मी पाहिलं. ह्या दुसऱ्या. पासपोर्टवाल्या."

दाराच्या काचेबाहेर काळवंडलेले डोंगर पळत होते.

"त्यांचं नाव यादीत नाही, त्यामुळे आम्हाला काही करता आलं नाही. निघा म्हटलं तर म्हणाल्या, माझी आई खाली आहे. मी दोनदा खाली बघून आले." त्या थांबल्या. "आम्ही पाचला इमारत बंद करतो. कुणी न्यायला येतंय का?"

मी काचेतून आत डब्यात बघितलं.

"त्यांच्याकडे फोन देते," त्या म्हणाल्या.

सरकलेल्या खुर्चीचा आवाज आला. मग श्वास. तो श्वास मी ओळखते. लहानपणी ताप आला की ती असाच घ्यायची.

"मम?"

गाडी बोगद्यात शिरली. फोन तुटला.

एकामागून एक बोगदे होते. मी कानाशी फोन धरून उभी राहिले. गाडी आता थेट योकोहामाला थांबणार होती.

बोगदे संपले तेव्हा पाच वाजून चार मिनिटं झाली होती. मी नंबर परत लावला. ध्वनिमुद्रित आवाजातल्या बाईने नम्रपणे सांगितलं की आजचं कामकाज संपलं आहे.

मागे डब्याचं दार सरकलं.

"कुणाचा फोन होता, आई?"

मी वळले नाही. तिने माझ्या खांद्यावर कोट घातला आणि नीट बसवला.

"चल, आत बसू. इथे गार आहे."

आणि मी तिच्या मागून गेले.